दोन्ही हात वर

आमच्या गावाखालची जमीन अधूनमधून ढेकर देते. खोटं वाटत असेल तर कुरुंद्याच्या अंगाला या, आमच्या ओट्यावर बसा, अम्मीच्या हातची नाही तर निदान माझ्या हातची ज्वारीची भाकर खा आणि वाट बघा. भाकर संपायच्या आत जमिनीच्या पोटातून असा काही गुडगुडाट येईल की फळीवरच्या पितळ्या एकमेकींशी भांडायला लागतील. मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे वाढवून सांगायची मला सवय नाही. पण एकदा असा आवाज आला तेव्हा आमच्या कोंबडीनं दिलेलं अंडं परत आत घेतलं होतं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

तसं आमच्या घरात आवाजांना तोटा नव्हताच. पलीकडच्या भिंतीला गोदाकाकूंचा वाडगा, त्यात शेरडं-मेंढरं. त्यातला एक बोकड माझ्या मामूंसारखा खोकायचा, आणि मामू आले की दोघांपैकी कुणाला पाणी द्यायचं हे अम्मीला कळायचं नाही. अम्मीचा पाटा-वरवंटा सकाळी सुरू व्हायचा तो दुपारच्या नमाजाला थांबायचा. तिचा हिरव्या मिरचीचा ठेचा असा की पाहुण्यानं एक बोट चाटलं तर त्याला आपल्या पणजोबांचं नाव आठवायचं. हळदीच्या दिवसांत सगळ्या शिवारात कढया चढायच्या, शिजत्या हळदीचा तो ओला, मातकट वास कपड्यांत, केसांत, उशीत भरून राहायचा. आजही कुठं हळद शिजत असली की मला भूक लागते. डॉक्टर म्हणतात साखर वाढलीय. मी म्हणते हळद शिजतेय.

आणि या सगळ्या आवाजांवरचा आवाज म्हणजे अब्बा. माझे अब्बा सुरुंगवाले. आमच्याकडं काळी माती हातभर, तिच्याखाली काळा पत्थर, आणि त्या पत्थराला फोडून विहीर करायची तर रहेमान उस्तादांशिवाय गत नव्हती. पहारीनं दगडाला भोक पाडायचं, त्यात दारू ठासायची, वात सोडायची, "बार हाय व्होऽऽ, बार!" अशी आरोळी ठोकायची. ती आरोळी औंढ्याच्या देवळातल्या नंदीला ऐकू जायची असं अब्बा सांगायचे, आणि नंदीनं कधी नाही म्हटलं नाही. विहिरीच्या काठावर यारी उभी असायची. यारी म्हणजे लाकडाचा आणि लोखंडाचा उंच सांगाडा. त्याच्या दोराला लोखंडी डोल, आणि तो खाली-वर करायला दोन जणांनी फिरवायचा दांडा. खालचा माणूस वात पेटवून डोलात बसणार आणि वरच्यांनी त्याला खेचून काढायचं. म्हणून सुरुंगवाल्यांचा एक कायदा होता, आणि तो अब्बांनी मला कलम्याआधी शिकवला होता: विहिरीत माणूस असला की यारीचा दांडा सोडायचा नाही. घरात आग लागो, अंगावर वाघ येवो. मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते, अंगापिंडानं दांडगी होते, आणि अब्बांचा यारीवरचा गडी जवळ्याच्या बाजाराला गेला की तिकडंच रमायचा. तेव्हा यारीचा एक दांडा माझ्या हाती आला. उगाच सांगत नाही, तेव्हाचे माझे दंड पाहून दोन स्थळं परत गेली.

अब्बांनी पंचक्रोशीला पाणी पाजलं, पण आमच्या स्वतःच्या रानातली विहीर कोरडी निघाली. खोल, रुंद, देखणी, आणि आत पाण्याचा थेंब नाही. तळाला नुसता काळाशार अखंड पत्थर. गावातले लोक तिला उस्तादाची विहीर म्हणायचे, आणि म्हणताना हसू दाबायचे. अब्बा तिकडं फिरकतही नसत.

मग ते आवाज वाढले. आधी वर्षातून एखादा यायचा, तो आठवड्यातून यायला लागला. भिंतींना केसांएवढ्या भेगा पडल्या, लोक अंगणात बाजा टाकून निजू लागले. आणि बापूराव गिरणीवाले चावडीवर बोलून गेले. बापूराव म्हणजे गावातली एकुलती एक पिठाची गिरणी. माणूस वाईट नव्हता, पण सगळ्या गावाचं दळण त्यांच्याकडं येत असल्यामुळं सगळ्या गावाचं बोलणंही त्यांच्याकडं येऊन बारीक व्हायचं.

"उस्ताद, राग मानू नका," ते म्हणाले, "पण इतकी साल तुमी जिमिनीच्या पोटात बार उडवून राहिलात. ती आता जागी झाली. झोपल्याल्या म्हशीला कितींदा टोचावं मानसानं?"

"म्हैस हाय व्हय ती?" अब्बा म्हणाले.

"मंग काय हाय? तुमीच सांगा."

ते सांगायला कुणालाच येत नव्हतं. गावानं ठरवलं, शहरातून कुणी शहाणा येऊन बघेपर्यंत सुरुंग बंद. कुणी भांडलं नाही, कुणी शिवी दिली नाही. लोक नुसते अब्बांशी हळू आवाजात बोलायला लागले, जसं आजाऱ्याशी बोलतात. त्यानं माणूस जास्त मोडतो. अब्बा रोज सकाळी पहारी काढायचे, तेल लावायचे, पुसायचे, ठेवून द्यायचे. घरातला सगळ्यात मोठा आवाज बंद झाला तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की आमच्या घड्याळालाही आवाज आहे.

अशात एका दुपारी जीप आली आणि तिच्यातून व्यंकटय्यासाहेब उतरले. उतरले म्हणजे जीप आधी एका बाजूला कलली, मग सुटकेचा श्वास टाकून हातभर वर आली. हैदराबादकडचे शास्त्रज्ञ, भूकंपाचं काम करणारे; टक्कल चकचकीत, मिशा झुपकेदार, आणि देह असा की सावलीत दोन शेरडं आरामात बसावीत. बोलायचे ते आमच्या घरच्यासारखंच दखनी. निजामाच्या मुलखात राहिल्याचा हा एक फायदा, माणूस कुठल्याही कोपऱ्यातून आला तरी भांडायला भाषा एकच. त्यांनी गावभर हिंडून जमीन ठोकली, ऐकली, आणि मुक्कामाला आमचंच घर निवडलं, कारण आमच्या पडवीखाली सलग पत्थर होता.

बापूराव दुसऱ्याच दिवशी दारात. "सायेब, ज्याच्यावर आळ हाय त्याच्याच घरात ऱ्हाता, त्याच्याच ताटात जेवता. उद्या निवाडा काय देनार?"

साहेब तेव्हा भाकरीवर ठेचा घेऊन बसले होते आणि त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. त्यांनी डोळे पुसले. "बापूरावजी, नमक मैं खाया. मशीन तो नै खाई ना?" मग अब्बांकडं वळून म्हणाले, "उस्ताद, तुम भी सुन लेव. मशीन जो बोली, वोच मैं लिखूंगा. तुम्हारे खिलाफ बोली तो खिलाफ लिखूंगा."

अम्मीनं हे ऐकलं आणि तरी त्यांच्या ताटात दुसरी भाकर टाकली. 

रात्रीचं जेवण म्हणजे दंगल असायची. अब्बांना कितीतरी दिवसांनी तोडीचा गडी मिळाला होता. अब्बा सांगायचे, मी एकदा बार उडवला तर दगड उडून थेट जवळ्याच्या बाजारात पडला आणि एका बागवानानं त्याला कलिंगड समजून तोलून विकला. यावर साहेब हळूच सांगायचे, आमच्या कामात असं असतं उस्ताद: एका डोंगरावर मशीनच्या पेटीत नाग वेटोळं घालून बसला होता, मी कागद बदलायला हात घातला तर फण्यावरच. एका गावात लोकांनी आम्हाला धन काढणारे समजून झाडाला बांधलं. एक सोबती दरीच्या काठावर तार ओढत होता, पाय घसरला; त्याचा पाय अजून लंगडा आहे. आणखी एका सोबत्याचं त्यांनी फक्त नाव घेतलं आणि पुढं भाकर मोडत राहिले. मला वाटायचं, साहेब अब्बांपेक्षा वरचढ थापा मारतात. थापा अब्बांच्याच होत्या, साहेबांचं सगळं खरं होतं, हे कळायला मला पुष्कळ वर्षं लागली. अम्मीला मात्र त्याच दिवशी कळलं होतं. ती भांडी आवरताना म्हणाली, "इसकी मां क्या खाके सोती होगी गे?" आणि तेव्हाच तिनं मनाशी काहीतरी पक्कं केलं.

मशीन म्हणजे एक पेटी. आत फिरणारा नळकांड्यासारखा डबा, त्याच्यावर कागद गुंडाळलेला, आणि कागदावर टेकलेली एक नाजूक सुई. कागद आधी रॉकेलच्या धुरावर काळा करून घ्यायचा, अगदी आपण काजळ धरतो तसा. जमीन हलली की सुई हलणार आणि काजळीवर पांढरी रेघ वाकडी होणार. पडवीत मशीन लावली आणि तिनं पकडलेला पहिला भूकंप म्हणजे अम्मीचा वरवंटा. दुसरा बापूरावांची गिरणी. तिसरा भूकंप बराच मोठा होता, त्यावर साहेब फार खूश झाले. तो गोदाकाकूंच्या दोन एडक्यांच्या टकरीचा निघाला. साहेब कपाळाला हात लावून म्हणाले, "यहां तो सब का सब हिलता है. मेरेकू ऐसी जगह होना, जहां गांव का पांव नै पहुंचता. खोल, पत्थर के अंदर."

अब्बा खाली मान घालून म्हणाले, "मेरी एक विहीर है."

त्या विहिरीवर एक पिंपळ वाकलेला होता, आणि त्याच्या फांदीला आग्यामोहोळ लटकलेलं. केवढं म्हणता? आमच्या दारापेक्षा मोठं. त्याच्या सावलीला उभं राहिलं की कानात गिरणी सुरू व्हायची. अब्बा म्हणाले, घाबरू नका, या माश्या आपल्या नादात असतात. धूर तेवढा लागला नाही पाहिजे. म्हणून त्या सकाळी अब्बांनी सगळ्यांना बजावलं: विहिरीजवळ विडी नाही, चिलीम नाही, चूल नाही. बापूराव 'डोळ्यांसमोर झालं पाहिजे' म्हणून आले होते, त्यांच्या कानावरची विडीसुद्धा अब्बांनी काढून घेतली. गोदाकाकूंची मेंढरं बाजूच्या बांधावर चरत होती. आधी मशीन खाली सोडली. मग साहेब डोलात बसले, डोक्यावर पत्र्याची टोपी घालून. त्या वजनानं यारी जी काय कण्हली, तशी कण्हताना मी नंतर फक्त आमच्या मुख्याध्यापकांना ऐकलं आहे. अब्बा एका दांड्यावर, मी दुसऱ्या. पोटातली नस ना नस ताणत आम्ही त्यांना तळाला टेकवलं. खालून आवाज आला, "पहुंच गया! बहुत अच्छा पत्थर है उस्ताद! ऐसा पत्थर नै देखा मैं!"

अब्बांच्या चेहऱ्यावर त्या विहिरीबद्दल पहिल्यांदाच हसू आलेलं मी पाहिलं.

थोड्या वेळानं खालून पुकारा झाला की मशीन चालू झाली. आणि नेमकी तेव्हा बांधावरून अम्मी आली. हातात लोबानदान, त्यात रसरशीत निखारे, त्यावर लोबान, आणि तोंडानं पुटपुटणं चाललेलं. दुसऱ्या बाजूनं गोदाकाकू आल्या. त्यांच्या हातात खापराचा तुकडा, त्यावर विस्तव, आणि पदरात मीठ, मोहरी नि लाल मिरच्या. दोघींनी एकमेकींना काही सांगितलेलं नव्हतं. दोघींच्याही मनात साहेबांच्या त्या नागाच्या नि दरीच्या गोष्टी बसल्या होत्या, आणि परक्या आईचं लेकरू आपल्या विहिरीत उतरतंय तर नुसतं कसं उतरू द्यायचं? आता तुम्ही म्हणाल, अब्बांनी धूर नको म्हणून सांगितलं नव्हतं का? सांगितलं होतं की! दोघींनी ऐकलंही होतं. पण विडी म्हणजे धूर. लोबान म्हणजे दुआ. आणि मिरच्या म्हणजे दृष्ट. त्यात धूर आला कुठून?

"भाभी, तुमीबी आल्या?" गोदाकाकू म्हणाल्या.

"तो क्या! लेकरू खाली है."

अम्मीनं लोबानदान विहिरीभोवती फिरवलं. काकूंनी मिरच्या उतरवून विस्तवावर टाकल्या. अब्बांनी वळून पाहिलं, तोंड उघडलं, पण आवाज बाहेर पडायच्या आत वर पिंपळाच्या फांदीवर एक काळा पडदा फाटला.

किती माश्या होत्या ते मी सांगत नाही, तुमचा विश्वास बसणार नाही. ऊन गेलं, एवढं सांगते. गोदाकाकूंनी विस्तव टाकला आणि बांधाकडं धावल्या. अम्मी ओढ्याच्या दिशेनं अशी पळाली की तिच्या चपला तिच्या मागून येत होत्या. बापूरावांनी आधी पूर्वेला धाव घेतली, मग पश्चिमेला, मग चौपाय होऊन सरळ मेंढरांच्या कळपात घुसले आणि एका जाड लोकरीच्या एडक्याच्या पोटाखाली डोकं घातलं. यारीच्या दांड्यावर राहिलो अब्बा आणि मी. पहिला डंख माझ्या कानाला बसला, दुसरा भुवईला, आणि पुढचे मोजायला मला वेळ झाला नाही. "शम्मो," अब्बा दातांतून म्हणाले, "सोडना नै."

मी म्हटलं, "सोडती कोन?"

इतक्यात गोदाकाकू, ज्या पळाल्या होत्या, त्या उलट्या फिरल्या. खांद्यावरचं घोंगडं त्यांनी आमच्या दोघांवर फेकलं, आणि मग पुन्हा पळाल्या. त्या घोंगड्याचे केस टोचायचे, वास तर असा की माशीसुद्धा विचार करेल. पण त्या दिवशी मला ते शालूसारखं वाटलं. आत काळोख, अब्बांचा श्वास, आणि बाहेर माश्यांचा घुमारा. घोंगड्याबाहेर आमचे चार हात दांड्यावर, आणि माश्यांना तेच सापडले.

आणि मग जमिनीनं ढेकर दिला.

आधी तळपायांना कळलं. मग गुडघ्यांना. मग पोटात ढोल वाजावा तसा तो आवाज, धुडुडुम्, आतून वर आला. यारी कडकडली, दोर थरथरला, आणि विहिरीच्या काठावरचे दगड सुटून आत पडल्याचे आवाज आले. एक. मग दोन-तीन. घोंगड्यात अब्बा ओरडले, "साहेब! ओ व्यंकटसाहेब!"

खालून काहीच नाही.

"साहेबऽऽ!"

नाही. माझे हात सुजून भाकरीएवढे झाले होते, पण मला त्यांची जाणीवच उरली नव्हती. अब्बांचा श्वास थांबलेला मला ऐकू आला. असा किती वेळ गेला देव जाणे. मग विहिरीच्या तळातून एक जोरदार, संतापलेला आवाज आला:

"हिलो नक्को! कोई हिलो नक्को! ऊपर कौन भाग रहा है? मशीन हिलता है ना!"

अब्बा घोंगड्यातच रडायला लागले का हसायला लागले ते काळोखात मला दिसलं नाही. पण आम्ही हललो नाही. सुजलेली तोंडं, हातांवर माश्या, आणि आम्ही दगडाच्या मूर्ती. तिकडं बापूरावही एडक्याच्या पोटाखाली जागच्या जागी थिजले. शास्त्राच्या कामात आमच्या गावानं दिलेला हा पहिला हातभार.

पुष्कळ वेळानं माश्या निवल्या, तेव्हा आम्ही साहेबांना वर खेचलं. त्यांना एकही माशी चावली नव्हती. पण टकलावरून रक्ताचा ओहोळ मिशीपर्यंत आला होता. टोपी डोक्यावर नव्हती. पहिला खडा पडल्याबरोबर त्यांनी ती काढून मशीनवर उलटी घातली होती, आणि वरून स्वतः ओणवे झाले होते. अब्बांनी विचारलं, आवाज का दिला नाहीत? तर म्हणाले, "मैं बोलता तो सुई हिलती." मग आमच्या भोपळ्यासारख्या तोंडांकडं बघून त्यांचे डोळे मोठे झाले. "ये क्या हुआ तुम लोगों को?"

कुरुंद्याच्या डॉक्टरांनी त्यांच्या टकलावर टाके घातले. आमच्या अंगातले काटे काढत, कांदा चोळत बायकांची दुपार गेली. लोबानानं माश्या उठल्या हे अम्मीनं शेवटपर्यंत मान्य केलं नाही. तिचं म्हणणं, लोबान नसता तर पाट्याएवढा दगड पडला असता. गोदाकाकू म्हणायच्या, मिरच्या होत्या म्हणून वाचला. त्या दोघी पुढची सगळी हयात यावर भांडल्या आणि सगळी हयात एकमेकींच्या ओट्यावर बसून भांडल्या.

चावडीवर बापूराव आले तेव्हा त्यांचे ओठ वांग्याएवढे झाले होते. तसेच उभे राहून ते म्हणाले, "म्या सोताच्या डोळ्यांनी पायलं. जिमीन वाजली तव्हा उस्तादाचे दोनी हात यारीवर व्हते. बार न्हाई, वात न्हाई, काय न्हाई. मानूस माश्या खाऊन राहिला व्हता. आपली चूक झाली." लोकांनी टाळ्या पिटल्या, कुणीतरी अब्बांना मिठीही मारली. झालं, निकाल लागला!

फक्त साहेब उठले. डोक्याला पट्टी. "नै झाला," ते मराठीत म्हणाले. "एक टाइम हाथ यारी पे था, ठीक. पर बाकी टाइम का क्या? मेरेकू उस्ताद का एक सुरुंग होना. उसकी लकीर अलग, जमीन की लकीर अलग, तबीच मैं मानूंगा."

सगळं गाव खूश असताना, ज्याच्या घरी जेवतो तो सुटला असताना, पुन्हा त्याला पारड्यात उभं करायचं! नाग, दरी, दगड सगळं ठीक. पण माझ्या मते साहेबांनी आमच्या गावात उचललेला सगळ्यात मोठा धोका तो होता. बाहेर आल्यावर अब्बांनी विचारलं, "और एक जैसी निकली तो?"

"तो एक जैसी लिखूंगा, उस्ताद."

अब्बांनी मान हलवली. आणि मग घरी येऊन पहारींमधली सगळ्यात चांगली निवडली.

शिवारात एका अर्धवट राहिलेल्या विहिरीत तो बार भरला. सगळं गाव लांब बांधावर उभं होतं. वात पेटवायला अब्बा स्वतः उतरले, यारीच्या दांड्यावर मी आणि गडी. त्यांच्या हातातली काडी पहिल्यांदा विझली, दुसऱ्यांदाही विझली. अब्बांच्या हातातली काडी विझलेली मी त्याआधी पाहिली नव्हती, नंतरही नाही. मग ते वर आले आणि छाती भरून ओरडले, "बार हाय व्होऽऽ, बार!" कितीतरी महिन्यांनी ती आरोळी शिवारात फिरली आणि गोदाकाकूंच्या त्या खोकणाऱ्या बोकडानंसुद्धा मान वर केली.

साहेब कोरड्या विहिरीतून कागद घेऊन वर आले. तो आणि माश्यांच्या दिवशीचा, असे दोन्ही कागद त्यांनी चावडीच्या भिंतीला लावले आणि स्वतः बाजूला झाले. काजळीवरच्या त्या दोन पांढऱ्या रेघा मला आजही दिसतात. बापूराव नाक लावून लावून पाहत होते. शेवटी म्हणाले, "ही सुरुंगाची. एकदा फटकारून आटपली, इंचवाच्या नांगीवानी. अन् ही जिमिनीची, गोमीवानी, पायच पाय. येडं लेकरूबी सांगंल, दोगींची माय येक न्हाई."

साहेबांनी मग अब्बांकडं पाहिलं आणि मान डोलावली. "अब पक्का. जमीन अपने मन से बोलती, उस्ताद. तुम्हारे कहने से नै." त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी घसा खाकरून दाराशी एवढ्या मोठ्यानं हाक मारली की अम्मीच्या हातून ठेच्याची वाटी पडली. आम्ही सगळ्यांनी तो ठेचा जमिनीवरून वेचून खाल्ला. इतका गोड मी कधी खाल्ला नाही.

साहेब पुढं गेले, दुसऱ्या डोंगरांवर, दुसऱ्या विहिरींत. मशीन आमच्या विहिरीत राहिली. "पाणी न्हाई लागलं," अब्बा लोकांना सांगायचे, "पन माझ्या विहिरीत जमीन सोता येऊन बोलती. हाय का तुमच्या विहिरीला ह्ये?" आणि त्या दिवसापासून अब्बांना एक सवय लागली. जमीन वाजली की असतील तिथं, असतील तसे, ते दोन्ही हात वर करायचे. जेवताना, न्हाव्याच्या खुर्चीत, एकदा तर वरातीत घोड्याचा लगाम सोडून. "बगा, म्या न्हाई!" लोक हसायचे. मग बापूराव हात वर करू लागले. मग पोरं. मग जमीन वाजली की आमच्या गावात सगळेच हात वर करायला लागले; नव्या सुनांना वाटायचं हा इथला काही विधी आहे, आणि आता तो आहेच. अब्बा जाऊन जमाना झाला, पण गावानं हात खाली केलेले नाहीत.

परवा एक पोरगी आली. शास्त्रज्ञ. माझ्या शाळेतल्या मुलींपेक्षा फार मोठी दिसत नव्हती. पाठीवर पिशवी, डोक्यावर पिवळं हेल्मेट, आणि मशीन अशी की टिफिनच्या डब्यात मावेल. काजळी नाही, सुई नाही. आमच्याच विहिरीच्या काठावर बसून ती तारा जोडत होती. मी तिला चहाला बोलवायला गेले होते. घरी आधण ठेवून. पिंपळ तोच आहे, मोहोळही आहे, त्यामुळं मी आधी तिचे खिसे तपासले, विडीबिडी आहे का म्हणून. ती हसून म्हणाली, "आजी, मी नाही ओढत." मी म्हटलं, "त्या दिवशी आमच्यातबी कुनी वडत नव्हतं, बाई."

आणि तेव्हाच तळपायांना कळलं. मग गुडघ्यांना. धुडुडुम्. मी दोन्ही हात वर केले. बांधावर गोदाकाकूंचा नातू मेंढरं राखत होता, त्यानं काठीसकट हात वर केले. रस्त्यानं बापूरावांचा पणतू मोटारसायकलवरून चालला होता, त्यानं ब्रेक मारला, दोन्ही पाय टेकले आणि हात वर. "मॅडम, हात!" तो ओरडला.

पोरीनं हात वर केले नाहीत. वर पिंपळावरून काटक्या आणि धूळ झडत होती. तिनं डोक्यावरचं हेल्मेट काढलं, मशीनवर उलटं घातलं, आणि श्वास रोखून ओणवी झाली.

मी वर केलेले हात खाली आणणार होते. थांबले. मेंढपाळाच्या पोराला मी डोळ्यांनीच दटावलं, तसा तोही थांबला. सुजलेल्या दिवसानंतर कितीतरी वर्षांनी आम्ही तिघं पुन्हा तसेच उभे, हात वर, हालचाल नाही, एका मेंढीनं शेपूट हलवली तेवढीच. घरी चहा उतू जात असणार, चूल विझली असणार, दूध नासलं असणार. जाऊ दे. मशीन हिलता है ना.